पुठ्ठ्याचा बोगदा आणि दीडपट वेग : ओव्हरक्लॉकिंगच्या घरगुती वायुशीतनाची कहाणी

१/ २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने दोन प्रोसेसर एकाच दिवशी बाजारात आणले. एक पेंटियम-२, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००-ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. पहिला ऐपतदारांसाठी, दुसरा काटकसरी गृहस्थांसाठी, अशी ती सरळ वाटणी होती. काही आठवड्यांतच हौशी मंडळींच्या ध्यानात आले की मदरबोर्डवरील एकच मांडणी बदलली तर हा १४९ डॉलरचा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावतो, आणि बहुतेक वेळा धावतच राहतो. अट एवढीच की त्याला थंड ठेवले पाहिजे. आजचा थ्रेड त्या अटीविषयी आहे. #थ्रेड #तंत्रज्ञानाचाइतिहास

२/ ओव्हरक्लॉकिंग या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘अतिवेगन’ असे काही घडवता येईल, पण तो शब्द फक्त घडवणाऱ्यालाच कळेल, म्हणून मूळ शब्दच वापरतो. प्रोसेसरचे प्रत्येक काम एका ठोक्यावर चालते. सेकंदाला किती ठोके, तो त्याचा वेग. कारखाना तयार मालाची चाचणी घेऊन त्यावर वेगाचा शिक्का मारतो. परंतु उत्पादनपद्धती मुरली की बहुतेक चकत्या वरच्या वेगाला पात्र ठरू लागतात, आणि बाजारात मागणी मात्र स्वस्त मालाची अधिक असते. अशा वेळी चपळ चकतीवरही मंद वेगाचा शिक्का बसतो.

३/ शिवाय कारखान्याला वाईटात वाईट परिस्थिती गृहीत धरावी लागते. तापलेली खोली, धुळीने बुजलेला पंखा, वर्षानुवर्षांचा वापर. या सगळ्यासाठी तो काही वेग राखून ठेवतो. ओव्हरक्लॉकर म्हणतो, ‘वाईट परिस्थितीची काळजी मी घेतो, राखून ठेवलेला वेग मला द्या.’ ही राखीव जागा नेमकी कुणाची, विकणाऱ्याची की विकत घेणाऱ्याची, हा या साऱ्या इतिहासातला खरा तंटा आहे.

४/ तंटा तसा जुना आहे. १९८४ चा आयबीएम पीसी/एटी ६ मेगाहर्ट्झवर चालत असे. त्याला ठोका देणारे स्फटिक खोबणीत बसवलेले असल्यामुळे लोक ते काढून जास्त वेगाचे स्फटिक लावत, आणि यंत्र ८ मेगाहर्ट्झवर किंवा त्याच्याही पुढे बिनतक्रार चाले. पुढल्या आवृत्त्यांत आयबीएमने सुरुवातीच्या तपासणीतच वेग मोजण्याची तरतूद केली. वेग जास्त आढळला की यंत्र सुरूच होत नसे. गंमत म्हणजे या पहिल्या फेरीत उष्णतेचा प्रश्नच नव्हता. त्या काळच्या प्रोसेसरवर ना धातूचा तुकडा असे, ना पंखा. साऱ्या संगणकात मिळून एकच पंखा, तोही वीजपुरवठ्याच्या पेटीत.

५/ चित्र पालटले ते १९९० नंतर. १९९२ च्या ४८६ डीएक्स-२ वर अॅल्युमिनियमचा छोटा हीटसिंक दिसू लागला. १९९३ चा ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि कमाल १६ वॅटपर्यंत उष्णता टाकी. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण तेव्हापासून प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा आला तो कायमचा.

६/ इथे थोडे गणित अपरिहार्य आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. सेलेरॉन ३००-ए चे नेमस्त व्होल्टेज २ होते. समजा ४५० मेगाहर्ट्झवर तो डळमळतो आहे म्हणून आपण त्याला २.२ व्होल्ट दिले. वेग दीडपट, व्होल्टेज १.१ पट, त्याचा वर्ग १.२१. गुणाकार १.८१. म्हणजे वेग पन्नास टक्क्यांनी वाढला आणि उष्णता ऐंशी टक्क्यांनी. जो वेग फुकट मिळाला असे वाटत होते त्याचे बिल असे उष्णतेच्या रूपाने येत असे.

७/ सेलेरॉनच्या यशामागची कारणे जराशी तांत्रिक आहेत, पण रंजक आहेत. त्याच्या पोटातच १२८ किलोबाइटची वेगवान स्मृती होती आणि ती प्रोसेसरच्याच गतीने चाले. महागड्या पेंटियम-२ ची ५१२ किलोबाइटची स्मृती बाहेर होती आणि निम्म्या गतीने चालत असे. त्यामुळे समान वेगावर गरीब भाऊ श्रीमंत भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत असे. इंटेलने वेगाचा गुणक तोपर्यंत कुलूपबंद केला होता. कारणही खरे होते : लबाड विक्रेते कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा खोटा शिक्का मारून विकत. चोरांसाठी लावलेल्या या कुलपाने हौशी लोकही बाहेर राहिले.

८/ पण एक खिडकी उघडी होती. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. ६६ गुणिले साडेचार, तीनशे. गुणक बदलता येत नसला तरी बस ६६ वरून १०० करता येत होती. अॅबिट कंपनीच्या बीएच-६ या मदरबोर्डवर तर हे काम कळफलकावरून होई, पेटी उघडावीही लागत नसे. ज्यांचा मदरबोर्ड ऐकत नसे ते प्रोसेसरच्या बी-२१ या संपर्कबिंदूवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा चिकटवत. तेवढ्याने मदरबोर्डची समजूत होई की हा १०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे. ६६ वरून ८३ वर जाणे धोक्याचे होते, कारण त्याबरोबर हार्ड डिस्कची वाटही वेगवान होऊन माहिती बिघडे; १०० वर मात्र ती वाट एकतृतीयांशाने पुन्हा नेमस्त ३३ वर येई. मोठी उडी छोट्या उडीपेक्षा सुरक्षित, असा हा दुर्मीळ प्रकार.

९/ उष्णतेचा आणि वेगाचा संबंध काय? सिलिकॉन तापले की त्यातील विद्युत्कणांची चाल मंदावते, तारांचा रोध वाढतो, ट्रान्झिस्टर उशिरा उघडमीट करतो. ठोका येतो तेव्हा आधीचे उत्तर तयारच नसते, आणि संगणक चुकतो. म्हणून जो प्रोसेसर ७० अंशांवर अडखळतो, तोच ५० अंशांवर त्याच वेगाने सुरळीत चालू शकतो. ओव्हरक्लॉकरला पंखा हवा असतो तो केवळ प्रोसेसर जळू नये म्हणून नव्हे. थंडपणातूनच त्याला पुढचे पन्नास मेगाहर्ट्झ मिळवायचे असतात.

१०/ हीटसिंकची प्रत एका आकड्यात सांगता येते : दर वॅटमागे तो किती अंश तापतो. ०.४ अंशांचा हीटसिंक ७० वॅटवर २८ अंश चढेल. कशाच्या वर चढेल? तर पंखा जी हवा ओढतो तिच्या तापमानाच्या वर. हवेपेक्षा थंड होणे कोणत्याही हीटसिंकला शक्य नाही. जर्मनीतल्या २० अंशांच्या खोलीत ज्याने ४८ अंशांचे छायाचित्र मिरवले, त्याचेच यंत्र मे महिन्यात नागपुरात आणले तर ७० अंशांच्या पुढे जाईल. लॅमिंग्टन रोडवर तेच सुटे भाग मिळत असूनही परदेशी हौशांचे आकडे आपल्याकडे जुळत नसत, त्यामागे हे साधे कारण होते. धुळीचा भाग वेगळाच.

११/ सेलेरॉनची मौज तशी सौम्य होती. पुष्कळांचे काम मूळच्या हीटसिंकवर जास्तीचा एक पंखा लावून भागले. खरी भट्टी पेटली ती जून २००० मध्ये, एएमडीच्या ‘थंडरबर्ड’ अॅथलॉनने. वर्षभरात तो १.४ गिगाहर्ट्झवर पोहोचला आणि ७२ वॅट उष्णता टाकू लागला, तीही सुमारे १.२ चौरस सेंटिमीटरच्या, करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यावरून. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६० वॅट. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. इस्त्रीच्या बारापट धगीचा पदार्थ टेबलाखाली ठेवून लोक त्यावर खेळ खेळत होते.

१२/ आणि तेवढ्यावर समाधान न मानता त्याला आणखी पळवत होते. अॅथलॉनचे कुलूप तर शाळकरी पोरानेही उघडावे असे होते. त्याच्या सिरॅमिक पाठीवर ‘एल-१’ नावाच्या तांब्याच्या बारीक रेघा होत्या, कारखान्यात मधोमध तोडलेल्या. साध्या शिसपेन्सिलीने त्या जोडल्या की ग्राफाइटमधून वीज वाहे आणि गुणक मोकळा होई. पेन्सिलीचा हा उपाय जगभर पसरला. मला स्वतःला संगणकाच्या इतिहासातील इतके स्वस्त आणि इतके उपयोगी हत्यार दुसरे आठवत नाही.

१३/ वायुशीतनाच्या गोष्टीला इथून रंग चढतो. अॅथलॉनचा गाभा उघडा होता, वर धातूचे झाकण नव्हते. हीटसिंकला दोन्ही बाजूंनी खोबणीत अडकवणारी स्प्रिंगची पट्टी असे आणि ती स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवावी लागे. हात जरा तिरका पडला की सिलिकॉनचा कोपरा उडे. महिनोन्महिने साठवलेल्या पैशांचा असा एका सेकंदात चुरा झालेले कित्येक जण होते. त्यात हीटसिंकचे वजन ३०० ग्रॅमच्या आत ठेवावे अशी एएमडीची शिफारस होती, आणि उत्साही मंडळी तर अर्धा किलो तांबे लावायला निघालेली. मग खोबणीचा नाद सोडून मदरबोर्डला असलेल्या चार भोकांतून आरपार स्क्रू घालण्याची पद्धत आली.

१४/ जपानच्या अल्फा कंपनीचे खिळ्यांच्या गालिच्यासारखे हीटसिंक, तैवानच्या थर्मलराइटचे पातळ तांब्याच्या पात्यांचे हीटसिंक, ही त्या काळची मानाची नावे. पण त्यांवर पंखा लागे ६० मिलिमीटरचा, आणि सर्वांत जोरकस पंखा म्हणजे डेल्टाचा : मिनिटाला सुमारे ७,००० फेरे, ३८ घनफूट हवा, ४६ डेसिबलच्या आसपास आवाज. डेसिबलचा आकडा वाचून कल्पना येत नाही. तो आवाज भरड नव्हता, दातांच्या डॉक्टरांच्या यंत्रासारखा बारीक आणि टोकदार होता. त्याच खोलीत झोपायचे असलेल्या विद्यार्थ्याने काय करावे?

१५/ त्याने विचार करावा, आणि तो त्याने केला. ३८ घनफूट हवा ७० वॅट उष्णता वाहून नेते तेव्हा हिशेबाने स्वतः जेमतेम तीन-साडेतीन अंश तापते. म्हणजे हवा कमी पडत नव्हतीच. अडचण होती ती धातूमधील उष्णता हवेला नीट सोपवण्याची, आणि आधीच तापलेली हवा पुन्हा न ओढण्याची. कॅबिनेट बंद असते. आत ग्राफिक्स कार्ड, डिस्क, वीजपुरवठा सगळेच श्वास सोडत असतात. खोलीत २५ अंश असतील तर कॅबिनेटच्या पोटात सहज ३५. प्रोसेसरचा पंखा ही ३५ अंशांची शिळी हवा फिरवत बसतो.

१६/ उपाय अगदी घरगुती होता. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर प्रोसेसरच्या समोर वर्तुळ आखायचे, करवतीने कापायचे, कडा कानशीने घासायच्या आणि त्या भोकापासून हीटसिंकपर्यंत एक बोगदा करायचा. कुणी पुठ्ठ्याचा केला, कुणी शीतपेयाच्या बाटलीचा, कुणी सांडपाण्याच्या पीव्हीसी नळाचा. आता पंखा थेट खोलीतली हवा ओढी. वरच्या हिशेबात दहा अंशांचा फरक पडला, आणि हीटसिंक तोच, पंखा तोच. हा दहा अंशांचा लाभ बाजारात विकत घ्यायचा तर हीटसिंकच्या दोन-तीन पायऱ्या वर चढावे लागले असते.

१७/ दुसरी सुधारणा पंख्याच्या आकाराची. पंख्याचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच फेऱ्यांत हवा आठपट वाहते. म्हणजे ६० ऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा लावला तर डेल्टाच्या सात हजार फेऱ्यांचे काम, कागदावर, नऊशे फेऱ्यांत व्हायला हवे. प्रत्यक्षात होत नसे, आणि का होत नसे हे कळण्यात पुष्कळांचे रविवार गेले. फेऱ्या आठव्या हिश्शावर आणल्या की पंख्याचा दाब सोळाव्या हिश्शावर येतो. दाट पात्यांतून शिरण्याइतका जोर त्या हवेत उरत नाही. ती कडेने निसटते. पंख्याच्या पाकिटावरचा घनफुटांचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो, पात्यांच्या गल्लीतला नव्हे.

१८/ मग मध्यममार्ग निघाला. मोठा पंखा सतराशे-अठराशे फेऱ्यांवर चालवायचा : सिद्धान्ताने हवा दुप्पट, दाब एकचतुर्थांश. पात्यांमधले अंतर मोकळे असलेला हीटसिंक निवडायचा. आणि १२० वरून ६०-८० मिलिमीटरवर उतरणारा नरसाळ्यासारखा जोडभाग घडवायचा, ज्याच्या कडा चिकटपट्टीने हवाबंद केलेल्या असतील. या नरसाळ्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. पंख्याच्या मधोमध मोटरची डबी असते आणि तिच्याखाली वारा नसतो. हीटसिंकवर पंखा टेकवून लावला की ही निवांत जागा बरोबर प्रोसेसरच्या गाभ्यावर, म्हणजे सर्वांत तापलेल्या बिंदूवर येते. मध्ये चार-पाच सेंटिमीटरचा बोगदा आला की हवा एकत्र होऊन मध्यभागीही पोहोचते.

१९/ आवाजाची राहिलेली कसर विजेच्या तारांनी भरून काढली. संगणकाच्या वीजपुरवठ्यात पिवळ्या तारेत १२ व्होल्ट असतात, लाल तारेत ५, काळी शून्य. पंख्याचे धन टोक पिवळ्या तारेला आणि ऋण टोक काळीऐवजी लाल तारेला जोडले की त्याला १२ वजा ५, म्हणजे ७ व्होल्ट मिळतात. रेग्युलेटर नाही, रोधक नाही, एक पैशाचाही खर्च नाही. सुरू होतानाच अडणारा पंखा मात्र यात धोका देतो, म्हणून तो दर वेळी फिरला की नाही हे डोळ्यांनी पाहावे लागे.

२०/ तिसरे काम घासण्याचे. हीटसिंकचा तळ आरशासारखा दिसला तरी सपाट नसतो. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरायचा, पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि तळ त्यावर घासायचा. आधी ४००, मग ६००, ८००, शेवटी १२०० क्रमांक. हात एकाच दिशेने, दाब न देता. तासाभराने तळात पट्टीवरचे आकडे स्वच्छ उलटे वाचता येत. उरलेल्या सूक्ष्म फटी भरायला उष्णतावाहक लेप. हा लेप किती लावावा यावर जितकी भांडणे झाली तितकी कदाचित पंख्यांवरही झाली नसतील. ऑस्ट्रेलियातील एका परीक्षकाने तर लेपाऐवजी टूथपेस्ट आणि व्हेजीमाइट लावून मापे घेतली. तात्पुरते दोन्ही चालले! वाळल्यावर काय होईल हा प्रश्न वेगळा. पण एक पातळ, ओलसर थर असणे ही लेपाच्या ब्रँडपेक्षा मोठी गोष्ट आहे, हे त्या थट्टेतून सिद्ध झाले.

२१/ हे सगळे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात या रूपात नव्हते. जर्मन डॉक्टर थॉमस पाब्स्ट यांचे ‘टॉम्स हार्डवेअर’ १९९६ मध्ये सुरू झाले. आनंद लाल शिम्पी यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी १९९७ मध्ये ‘आनंदटेक’ काढले. अशा ठिकाणी लोक छायाचित्रे, तापमाने आणि अपयशे मांडत. अपयशे मांडत, हे विशेष. आणि तपासणीची शिस्तही कडक होती. अविभाज्य संख्या शोधणारा ‘प्राइम-९५’ रात्रभर चालवायचा. त्यात उत्तर आधीच ठाऊक असलेली गणिते असतात, एक जरी चुकले तरी वेग खाली आणायचा. विंडोज उघडले म्हणजे यंत्र स्थिर झाले, असे म्हणणाऱ्याला या मंडळींत किंमत नव्हती.

२२/ एक अप्रामाणिक घटक मात्र सर्वांच्या नजरेआड राहिला : तापमापक. थंडरबर्डच्या पोटात तापमापक नव्हता. मदरबोर्ड जो आकडा दाखवी तो खोबणीच्या मधोमध, प्रोसेसरच्या पाठीला जेमतेम टेकलेल्या एका मण्याचा. गाभा त्याहून कितीतरी गरम असे, आणि त्याची कमाल मर्यादा होती ९० ते ९५ अंश. पडद्यावर ५५ पाहून निश्चिंत झोपणारा माणूस त्या मर्यादेच्या किती जवळ आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

२३/ ती मर्यादा ओलांडली तर काय होते हे सप्टेंबर २००१ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. टॉम्स हार्डवेअरने एक चित्रफीत प्रसिद्ध केली : खेळ चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घेतला. पेंटियम-४ मंदावला, पण चालत राहिला. पेंटियम-३ थिजला, पण वाचला. दोन्ही अॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेले. एएमडीची बाजू अशी की चालू यंत्राचा हीटसिंक कोण काढतो? मुद्दा रास्त होता; पण खोबणीचा प्लास्टिकचा दात तुटून जड हीटसिंक निखळणे अशक्य नव्हते, आणि ज्यांनी जड हीटसिंक लावले होते त्यांना हे सर्वांत आधी उमगले. यानंतर गाभ्यातील तापमापक वाचून वीज तोडणारे मदरबोर्ड हळूहळू सार्वत्रिक झाले.

२४/ इकडे हौशी लोक पुठ्ठा कापत होते, तेव्हा कारखानेही त्याच भिंतीकडे निघाले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सांगितले की हीच चाल राहिली तर चकतीवरील उष्णतेची दाटी आधी अणुभट्टीची, मग रॉकेटच्या धुराड्याची आणि अखेर सूर्यपृष्ठाची बरोबरी करील. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला वीजही त्याच प्रमाणात कमी लागते, हा आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम तीस वर्षे उद्योगाच्या मदतीला होता. आता काम न करतानाही ट्रान्झिस्टरमधून वीज झिरपू लागली, आणि नियमाचा आधार सुटला.

२५/ फेब्रुवारी २००४ मध्ये आलेला ‘प्रेस्कॉट’ पेंटियम-४ शंभर वॅटच्या पुढे गेला. मे २००४ मध्ये त्याचा नियोजित वारस ‘तेजस’ रद्द झाला (हो, नाव तेजसच). ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा बेतही इंटेलने सोडला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर विनोदाने गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. विनोद होता, पण गुडघे खरेच टेकले होते.

२६/ याच सुमारास इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना एक मार्गदर्शिका दिली. तिच्यात सांगितले होते की प्रोसेसरच्या पंख्यापाशी येणारी हवा ३८ अंशांपेक्षा जास्त तापलेली नसावी, आणि त्यासाठी बाजूच्या पत्र्याला भोक पाडून तेथून प्रोसेसरपर्यंत प्लास्टिकचा बोगदा द्यावा. २००४-०५ नंतर विकत घेतलेल्या साध्या कॅबिनेटच्या कुशीला ती जाळी आणि आत लोंबणारे ते नरसाळे अनेकांनी पाहिले असेल. बहुतेकांनी ते निरुपयोगी समजून काढूनही टाकले असेल. हौशांचे पाहूनच अभियंत्यांनी ते केले असे मी म्हणणार नाही. त्याच भौतिकशास्त्रासमोर उभा राहणारा कोणीही त्याच उत्तरापाशी येईल. पण पुठ्ठ्याचा बोगदा आधी आला होता. साऱ्या संगणकाची मांडणीच हवेच्या प्रवाहाभोवती बदलणारा ‘बीटीएक्स’ हा इंटेलचा घाट मात्र २००६ च्या सुमारास गुंडाळला गेला, कारण तोवर ‘कोअर-२’ आला आणि त्याने वेगाचा हट्टच सोडला.

२७/ मोठ्या आणि संथ पंख्याचा धडाही बाजाराने उचलला. पण त्याला पात्यांचे मोठे क्षेत्र हवे, आणि उष्णता गाभ्यापासून तेवढी दूर न्यायची तर भरीव तांबे पुरे पडत नाही. तेथे उष्णतानलिका कामी आली : निर्वात नळीत थोडे पाणी, गरम टोकाला वाफ, थंड टोकाला पुन्हा पाणी, आणि आतील सच्छिद्र थरातून ते परत. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी तिला आजचे नाव दिले, तेव्हा तिचा उपयोग अवकाशयानांसाठी अपेक्षित होता. २००५ च्या आसपास सायथचा ‘निन्जा’, नॉक्चुआचे पहिले कूलर असे मनोरे आले. १२० मिलिमीटरचा पंखा, विरळ पाती, शांत झोप. करवत माळ्यावर गेली.

२८/ राखीव जागेच्या तंट्याचा निकालही लागला. नोव्हेंबर २००८ च्या कोअर आय-७ मध्ये ‘टर्बो बूस्ट’ होते : उष्णतेला आणि विजेला वाव असेल तोवर प्रोसेसर आपला वेग आपणच वाढवतो. २०१० पासून इंटेलने नावात ‘के’ असलेले, कुलूप उघडलेले प्रोसेसर जास्त किमतीला विकायला काढले. जी मोकळीक एकेकाळी पेन्सिलीच्या रेघेने मिळत होती तिला दरपत्रकात स्वतंत्र ओळ मिळाली. सेलेरॉनच्या काळासारखा दीडपट वेग आता कुणाच्या हाती लागत नाही. कारखाना चकती इतकी काटेकोर मापून विकतो की तळाशी फारसे उरतच नाही. अॅबिट कंपनी २००८ अखेर बंद झाली. आनंदटेकने ऑगस्ट २०२४ मध्ये शेवटचा लेख छापला.

२९/ आजचा प्रोसेसर सेकंदाला असंख्य वेळा स्वतःचे तापमान पाहतो आणि त्यावरून आपला वेग ठरवतो. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत हीटसिंकवरची धूळ ब्रशने झाडली, वाळलेला लेप पुसून नवा लावला, तर तेच यंत्र कोणतीही मांडणी न बदलता आपणहून थोडे जास्त वेगाने चालू लागते. हे करताना कॅबिनेटच्या कुशीला ते जुने नरसाळे दिसले, तर ते काढण्याआधी आतले तापमान एकदा मोजून पाहा. (समाप्त)